घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पालकत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवतात. नावं-गावं काढून आणि सारखे प्रश्न एकत्र करून ते इथे दिले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्याला धरून आहेत आणि महाराष्ट्रात काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘हिंदू कायदा’ म्हटलंय तिथे बौद्ध, जैन आणि शीखही त्यातच धरा. तुमचे कागद पाहिलेल्या वकिलाचं मत वेगळं पडलं, तर त्यांचं ऐका.

१. ताबा आणि पालकत्व एकच ना? निकालात “ताबा आईकडे” असं आहे, म्हणजे वडिलांचा संबंध संपला का?

नाही. ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहतं, त्याची शाळा, जेवण, आजारपण कोण पाहतं ते. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा कायदेशीर अधिकार. ताबा एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचं पालकत्व आपोआप जात नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार नैसर्गिक पालक आधी वडील, त्यांच्यानंतर आई. वाचताना हे आईच्या विरोधात वाटतं. पण १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वडील हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसतील, दूर असतील किंवा दोघांच्या समजुतीने सगळं आईच पाहत असेल, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. ते प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावरून उभं राहिलं होतं. त्यामुळे “वडिलांचीच सही आणा” म्हणून एखाद्या बँकेने अडवलं, तर या निकालाचा हवाला द्या.

२. आमची नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर फारकत झाली आहे. मुलगा वडिलांकडे राहील असंही त्यात लिहिलंय. हे चालतं ना?

बहुतेक वेळा नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. नोटरीचा शिक्का फक्त सह्या कुणी केल्या ते सांगतो. अपवाद एकच : समाजात काडीमोडाची जुनी, सलग चालत आलेली रूढी असेल तर कायदा ती मान्य करतो (कलम २९). पण ती रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर द्विभार्याविवाहाचा गुन्हा लागू शकतो. ही सोडचिठ्ठी घेऊन निश्चिंत बसलेली माणसं फार आहेत.

मुलाबद्दलचं कलम तर त्याहून कच्चं. आई-वडिलांनी आपसांत काय लिहून घेतलं याने न्यायालय बांधलं जात नाही. “मुलासाठी पोटगी मागणार नाही” हेही तसंच (प्रश्न १० पहा).

३. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ते आईकडेच राहतं, बरोबर?

साधारणपणे हो. १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये तसं आहे, आणि २०१५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं, की इतक्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे हे वडिलांनी दाखवायचं, आपण योग्य आहोत हे आईने नव्हे. पाच वर्षं पूर्ण झाली की मूल वडिलांकडे जातं हा मात्र गैरसमज. त्या वाढदिवसाला काहीही बदलत नाही. त्यानंतर कलम १३ पाहिलं जातं, म्हणजे मुलाचं हित.

४. माझा पगार तिच्यापेक्षा चौपट आहे, घर स्वतःचं आहे. मग ताबा मलाच मिळायला हवा ना?

पैशाने ताबा ठरत नाही. तो फरक पोटगीने भरून काढता येतो. न्यायालय पाहतं ते असं : आतापर्यंत मुलाचं रोजचं कोण पाहत आलं, शाळा आणि भावंडं तुटणार आहेत का, घरात आणखी कोण आहे, दारू किंवा मारहाण आहे का. आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही, पण दुसऱ्या पालकाशी मुलाचं नातं कोण टिकू देतं हेही पाहिलं जातं. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ मध्ये मुलाचं वय, लिंग, धर्म, होणाऱ्या पालकाचं चारित्र्य आणि मुलाशी असलेली जवळीक यांचा उल्लेख आहे.

आईच्या चारित्र्यावर पानंच्या पानं लिहिलेले अर्ज नेहमी दिसतात. नवरा-बायकोच्या भांडणातला प्रत्येक आरोप मुलाच्या ताब्याशी जोडता येत नाही. त्यातून मुलाला काय सोसावं लागलं हे दाखवता आलं नाही, तर तो मजकूर लिहिणाऱ्यावरच उलटतो.

५. न्यायाधीश मुलाला विचारतात का? कितव्या वर्षापासून?

वय ठरलेलं नाही. मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर ते विचारात घेता येतं, एवढंच कायदा म्हणतो. न्यायाधीश बहुतेक वेळा मुलाशी आपल्या दालनात, आई-वडिलांना बाहेर ठेवून बोलतात. मुलाचा शब्द महत्त्वाचा असतो, पण शेवटचा नसतो. पढवलेलं मूल ओळखू येतं. नऊ वर्षांच्या मुलाने “मानसिक क्रौर्य” असे शब्द वापरले की ते कुठून आले हे वेगळं विचारावं लागत नाही.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकापुढे बोललेलं गुप्त राहतं, असं सगळ्यांना वाटतं. ते नवरा-बायकोच्या तडजोडीपुरतं खरं. मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाने मुलाविषयी दिलेला अहवाल वापरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.

६. मी माहेरी आले आहे, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात. अर्ज कुठे करायचा? वकील लागतोच का?

घटस्फोटाचा अर्ज पत्नीला ती सध्या राहते तिथेही करता येतो. त्याशिवाय लग्न जिथे झालं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो, तिथेही चालतो. फक्त ताबा किंवा पालकत्व हवं असेल आणि घटस्फोट नको असेल, तर अर्ज १८९० च्या कायद्याखाली, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात. मूल चार दिवसांपूर्वी तिथे आणून ठेवलं म्हणजे ते ‘नेहमी राहणं’ होत नाही. घटस्फोटाचा खटला आधीच चालू असेल तर ताब्याचा अर्ज त्यातच हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली करा, वेगळा खटला नको.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. चौकशीचा क्रमांक १५१००. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महिलांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. तरी फी मागितली, तर त्या शासकीय अधिसूचनेचा हवाला द्या.

७. दोघांच्या संमतीने घटस्फोट किती दिवसांत होतो? मुलांचं त्यात काय लिहायचं?

आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असायला हवं. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती सांगायची. एका छताखाली राहूनही, नवरा-बायको म्हणून राहत नसाल, तर ते वेगळं राहणंच धरलं जातं. सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं, हे २०१७ च्या निकालापासून पक्कं झालं. पण त्यासाठी साधारण दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाची आशा संपलेली असावी आणि पोटगी, ताबा यांबद्दल काहीही बाकी नसावं. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो.

आता मुलांचं. “मुलाचा ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क” एवढ्या एका ओळीवर सह्या करू नका. पुढची पाच वर्षं त्या ओळीवरून भांडण होतं. कोणता वार, किती वाजता, कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांची वाटणी कशी. आजारी पडलं तर कोण कळवणार. शाळेच्या फीशिवाय क्लास, डॉक्टर, पुढे कॉलेज यांचा खर्च कुणी किती द्यायचा. व्हिडिओ कॉल कधी. हे सगळं लिहा. कॉलेजचा मुद्दा खास, कारण मुलगा असेल तर पोटगीचा कायदेशीर हक्क सहसा अठराला थांबतो आणि खरा खर्च तिथेच सुरू होतो. आलटून पालटून दोघांकडे राहण्याची सोयही संमतीने लिहिता येते. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा कायद्यात आणण्याची शिफारस केली होती.

८. खटला चालू आहे आणि तोपर्यंत मला मूल भेटूच देत नाहीत. निकालापर्यंत थांबायचं का?

थांबू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ताब्याचा खटला लांबतो, आणि मूल तोवर एका घरात, एका शाळेत रुजतं. दोन-तीन वर्षांनी निकालाची वेळ येते तेव्हा “आता याला हलवणं बरं नाही” हाच सगळ्यात जड मुद्दा ठरतो. म्हणून खरी लढाई अंतरिम अर्जाची असते. पहिल्या तारखेलाच भेटीचा, फोनचा, सुट्टीतल्या मुक्कामाचा अर्ज द्या. कलम २६ खाली किंवा १८९० च्या कायद्याच्या कलम १२ खाली तो करता येतो. मूल एकाकडे असलं तरी दुसऱ्याला पुरेशी भेट आणि संपर्क मिळायला हवा, दूर असेल तर व्हिडिओ कॉलने का होईना, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

घरात हिंसा झाली असेल, तर महिलेला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडेही मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो (कलम २१). भेटीने मुलाला धोका असेल तर भेट नाकारण्याची सोयही त्याच कलमात आहे.

आणि भेटीचा आदेश मिळाला की जा. न्यायालयातल्या गजबजलेल्या खोलीत तासभराची भेट अपमानास्पद वाटते, मान्य. पण पाच वेळा न गेलेल्या पालकाला सहाव्या वेळी जास्त वेळ मागता येत नाही.

९. नवऱ्याने शाळेतून परस्पर मुलाला नेलं. पोलीस अपहरणाची तक्रार घेत नाहीत. आता?

ताब्याचा कुठलाही आदेश नसेल, तर पोलिसांचं म्हणणं बरेचदा बरोबर असतं. वडील स्वतः नैसर्गिक पालक असल्याने, न्यायालयाची मनाई नसताना त्यांनी मूल नेणं अपहरण ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलं. लेखी अर्ज तरीही द्या आणि पोच घ्या, कारण तारीख नोंदवली जाते. मग लगेच प्रश्न ८ मधला अंतरिम अर्ज. मूल अगदी तान्हं असेल, कुठे आहे तेच कळत नसेल किंवा आदेश मोडून नेलं असेल, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (म्हणजे मूल न्यायालयापुढे हजर करायला लावण्याची, हेबियस कॉर्पस) याचिका करता येते. सविस्तर पुरावा लागणारा वाद मात्र तिथून परत कौटुंबिक न्यायालयातच येतो.

शाळेला आदेशाची प्रत आधीच देऊन ठेवा. आदेश नसताना शाळेने कुणाची बाजू घ्यावी ही अपेक्षा शाळेवर अन्याय करणारी आहे.

१०. ती मूल भेटू देत नाही, मग मी पोटगी का देऊ?

कारण पोटगी मुलाची आहे, तिची नाही. भेट आणि पोटगी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट अडवली म्हणून पोटगी थांबवता येत नाही. मुलाचा हक्क आई-वडिलांना करारात सोडून देता येत नाही, एकरकमी रक्कम घेतलेली असली तरी.

मागायची कुठे? घटस्फोटाच्या खटल्यात, किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला. दोन्हीकडे अर्ज करता येतो, पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागते. २०२० च्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. आई कमावती असेल तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो, पण वडील त्यातून मोकळे होत नाहीत. हिंदू कायद्यात अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल, तर तिचा हक्क अठरानंतरही राहतो.

११. आदेश हातात आहे, पण समोरचा पाळतच नाही.

दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. दिवाणी संहितेखाली मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी कैदही होऊ शकते. अवमानाचा अर्ज वेगळा. प्रत्येक फसलेल्या भेटीची तारीख, वेळ आणि मेसेज जपून ठेवा, कारण “कधीच भेटू देत नाही” यापेक्षा तारखांची यादी कामाला येते. अडवणूक सतत होत असेल तर ताबा बदलून मागता येतो. मूल मुद्दाम तोडलं जातंय, हा आरोप मात्र घटना दाखवून करा. असा ठपका ऊठसूट लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावलं आहे.

१२. ताब्याचा निकाल एकदा लागला की कायमचा?

नाही. परिस्थिती बदलली की आदेश बदलून मागता येतो, घटस्फोट संमतीने झाला असला तरी. फक्त काय बदललं ते दाखवावं लागतं.

१३. मी पुन्हा लग्न केलं तर मूल जाईल का? त्याला नव्या नवऱ्याचं आडनाव लावता येतं का?

पुनर्विवाह एवढ्याच कारणाने ताबा जात नाही. नव्या घरात मुलाला कसं वागवलं जातं हे पाहिलं जातं, आणि हे वडिलांनी दुसरं लग्न केलं तरी लागू आहे.

आडनावाबद्दल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळे पाठवतात : पुनर्विवाहानंतर आई मुलाचं आडनाव ठरवू शकते. पण त्या प्रकरणात मुलाचे वडील वारलेले होते. घटस्फोटित आणि हयात वडिलांचा आक्षेप असेल तर तो निकाल जसाच्या तसा चिकटवता येत नाही. वडिलांची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश घ्या. आडनाव बदललं म्हणजे सावत्र वडील कायदेशीर वडील होत नाहीत. त्यासाठी दत्तकविधान लागतं, आणि जन्मदाते वडील हयात असतील तर त्यांची संमती. आईचं नाव लावण्याची अडचण मात्र महाराष्ट्रात कमी झाली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं.

१४. मुलगी वारली, नातू आमच्याकडेच वाढला. जावई आता घेऊन जायचं म्हणतो.

आई किंवा वडील हयात आणि योग्य असतील, तर आजी-आजोबांचा दावा दुसऱ्या पायरीवर येतो. पण ‘योग्य’ या अटीवर बरंच काही अवलंबून आहे. आईच्या मृत्यूप्रकरणी वडिलांवरच खटला चालू होता अशा प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मूल आईच्या आई-वडिलांकडे ठेवलं. उलट २०१९ मध्ये, आई आजारपणात वारल्यावर मावशीकडे असलेलं लहान मूल वडिलांना दिलं, कारण त्यांच्यात दोष नव्हता. आई-वडील दोघंही नसतील तर आजी-आजोबांचं वय आड येतंच असं नाही : २०२२ मध्ये, कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आई-वडिलांना मिळाला. ताबा नाही मिळाला तरी भेटीचा अर्ज करा.

१५. आम्ही मुस्लीम / ख्रिस्ती / पारशी आहोत. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

१८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्वांना लागू आहे. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईचा हिजानतचा (मूल आपल्याकडे ठेवून सांभाळण्याचा) हक्क असतो, शिया परंपरेत वयं वेगळी आहेत. पण वाद न्यायालयात गेला की मुलाचं हित पाहिलं जातं, नुसती वयाची रेघ नाही. तिहेरी तलाक दिला गेला असेल तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ६ नुसार अज्ञान मुलांचा ताबा आईला मिळतो. ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह कायद्याने लग्न केलेल्यांच्या कायद्यांत ताब्याची स्वतंत्र कलमं आहेत.

१६. आमचं लग्न झालेलं नाही. मुलाचा पालक कोण?

हिंदू कायद्यात आधी आई, तिच्यानंतर वडील. इतर धर्मीय आईलाही न्यायालय पालक नेमू शकतं आणि त्यासाठी वडिलांचं नाव सांगण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची सक्ती नाही, असा २०१५ चा निकाल आहे. त्याच निकालाने अविवाहित आईच्या शपथपत्रावर जन्मदाखला द्यायला सांगितलं.

१७. पोटगी टाळायला नवरा डीएनए चाचणी मागतोय. द्यावीच लागते का?

मागितली म्हणून मिळत नाही. लग्न टिकून असताना झालेलं मूल त्या दोघांचंच मानलं जातं. त्या काळात दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं, हे आधी दाखवावं लागतं. आई-वडिलांच्या भांडणात मुलाची चाचणी सरसकट करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं.

१८. मुलाला परदेशी नेता येईल का? पासपोर्टला दुसऱ्याची सही लागते का?

एकाच पालकाच्या घोषणापत्रावरही मुलाचा पासपोर्ट निघतो, पण चालू खटला किंवा आदेश लपवलात तर अंगाशी येईल. खटला चालू असेल तर जाण्याआधी परवानगी घ्या. दुसरा पालक मूल परदेशी नेईल अशी भीती असणाऱ्याने तशी मनाई आधीच मागावी, कारण विमान सुटल्यावर उपाय अवघड होतात. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे परदेशी न्यायालयाचा ताब्याचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही. तो विचारात घेतला जातो, पण मुलाचं हित इथलं न्यायालय स्वतः तपासतं.

१९. सातबाऱ्यावर मुलाचं नाव आहे आणि माझं “अ.पा.क.” म्हणून. जमीन विकता येईल?

अज्ञान पालनकर्ता म्हणून नाव लागलं याचा अर्थ विकण्याचा अधिकार मिळाला असा नाही. मुलाच्या स्वतंत्र मालकीची स्थावर मालमत्ता विकायला, गहाण ठेवायला किंवा पाच वर्षांहून जास्त भाड्याने द्यायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची आधी परवानगी लागते (१९५६ चा कायदा, कलम ८). ती गरज किंवा मुलाचा उघड फायदा दाखवल्यावरच मिळते. परवानगीशिवाय केलेलं खरेदीखत मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत रद्द करून मागू शकतं, म्हणून घेणाऱ्यानेही सावध असावं. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मालमत्तेतल्या हिश्शाला कलम ८ लागू नाही, असा १९९६ चा निकाल आहे. जमीन वाटणीने आली, मृत्युपत्राने आली की अजून एकत्रच आहे, हे फेरफार पाहून वकिलाला विचारा.

२०. मुलगा अठराचा झाला, पण त्याला ऑटिझम आहे. ताब्याचा जुना आदेश चालू राहील का?

नाही, तो अठराला संपतो. पूर्वी न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर सज्ञानतेचं वय एकवीस धरलं जाई, तेही १९९९ च्या दुरुस्तीने गेलं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. घटस्फोटित आई-वडिलांपैकी एकाने अर्ज केला तर दुसऱ्याचं म्हणणं घेतलं जाईल हे धरून चाला, आणि जुन्या आदेशाची प्रत सोबत जोडा. सतरा पूर्ण होताच दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि बँकेचे कागद जमवायला लागा. स्किझोफ्रेनियासारख्या निव्वळ मानसिक आजाराला हा कायदा लागू नाही. तिथे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पाहावा लागतो, आणि तो उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी देतो, मालमत्तेसाठी पालक नाही.